बसवली चार, दिसते सव्वातीन : संगणकाच्या स्मृतीचा ताळमेळ

संगणक मंद चालतो म्हणून त्यात नवी रॅम बसवून घेणे, हा आता घराघरांतला आणि दुकानादुकानांतला परिपाठ झाला आहे. विक्रेता देयकावर ‘४ जीबी’ असे लिहून देतो, पैसे चुकते होतात, यंत्र घरी येते. आणि मग घरातील एखादा जाणकार पडद्यावरील माहिती उघडून पाहतो, तेव्हा तेथे ३.२५ जीबी एवढाच आकडा आढळतो. तेथून पुढे बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर ग्राहक विक्रेत्याशी वाद घालतो, नाही तर आणखी एक रॅम विकत आणून तीही बसवतो. पहिल्या प्रकारात अनेकदा निर्दोष विक्रेत्याच्या सचोटीवर शंका घेतली जाते, तर दुसऱ्या प्रकारात पैसे पाण्यात जातात, कारण कमतरतेचे मूळ रॅममध्ये नसतेच. याउलट, काही वेळा दोष खरोखरच रॅममध्ये असतो आणि ‘असेच दिसते साहेब’ असे सांगून ग्राहकाची बोळवण केली जाते. यांपैकी नेमके काय घडले आहे, हे ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

हिशेबातील फरक शोधण्याची शिस्त बँकेशी संबंध असलेल्या प्रत्येकाला परिचित आहे. रोख पुस्तकातील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक जुळली नाही, तर कोणी लगेच अपहाराचा आळ घेत नाही. बँक जुळवणी पत्रक तयार करून फरक कोठे पडला आणि कशामुळे पडला, हे पाहिले जाते. संगणकाच्या स्मृतीचा ताळमेळही याच पद्धतीने घालता येतो.

प्रथम एक गैरसमज

रॅम आणि हार्ड डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हार्ड डिस्क हे कपाट होय. संगणक बंद केला तरी त्यातील कागदपत्रे तशीच राहतात. रॅम म्हणजे काम करण्याचे टेबल. ज्या फाइलीवर काम चालू आहे, ती कपाटातून काढून टेबलावर मांडली जाते, आणि वीज गेली की टेबल रिकामे होते. टेबल लहान असेल, तर फाइली सारख्या कपाटात ठेवाव्या आणि काढाव्या लागतात. संगणक मंद होतो तो यामुळे.

५०० जीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, हे अनेकांनी पाहिले असेल. तेथे काहीही हरवलेले नसते. डिस्कचे उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. रॅमच्या बाबतीत मात्र उत्पादक आणि विंडोज दोघेही १०२४ च्याच पटीत मोजतात. ४ जीबीची रॅम म्हणजे बरोबर ४०९६ एमबी. त्यामुळे रॅम कमी दिसल्यास ‘मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

तीन शिल्लकी

ताळमेळासाठी तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

पहिला आकडा प्रत्यक्ष मालाचा. प्रत्येक पट्टीवर चिकटवलेल्या लेबलावर तिची क्षमता छापलेली असते. अशा सर्व पट्ट्यांची बेरीज म्हणजे पहिली शिल्लक.

दुसरा आकडा बायोसचा. संगणक सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वी, डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबल्यास मदरबोर्डचा स्वतःचा माहितीपट उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत ही कळ वेगळी असते. ती सुरुवातीच्या पडद्यावर दाखवली जाते. मदरबोर्डला किती स्मृती सापडली, ते येथे कळते. केवळ पाहावे, काही बदलू नये, आणि बाहेर पडताना बदल जतन न करण्याचा पर्याय निवडावा.

तिसरा आकडा विंडोजचा. ‘सिस्टीम’च्या पानावर ‘इन्स्टॉल्ड’ आणि ‘युजेबल’ असे दोन शब्द आढळतात. पहिला शब्द बसवलेली स्मृती सांगतो, दुसरा वापरता येणारी. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’मधील ‘मेमरी’ निवडावी. तेथे किती स्लॉट भरलेले आहेत आणि यंत्रातील इतर भागांसाठी किती स्मृती राखून ठेवली आहे, हेही दिसते. राखीव रकमेला तेथे ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ असे नाव आहे.

आता फरकाकडे पाहावे. तेरीज जुळत नसताना अनुभवी लेखापाल प्रथम फरकाची रक्कम पाहतात. ती एखाद्या व्हाउचरच्या रकमेएवढी असेल, तर ती नोंदच राहिली असावी असा कयास बांधतात. ९ ने पूर्ण भागली जात असेल, तर अंकांची अदलाबदल शोधतात. येथेही तसेच आहे. २ जीबीच्या दोन पट्ट्या असताना बायोसमध्ये २ जीबीच दिसत असेल, तर फरक बरोबर एका पट्टीएवढा आहे. म्हणजे एक पट्टी यंत्राला दिसलेलीच नाही. बायोसमध्ये ४ जीबी दिसत असेल आणि वापरता येणारी मात्र ३.२५ किंवा २.९६ असेल, तर पट्ट्या सर्व हजर आहेत. काही भाग अन्यत्र राखून ठेवला गेला आहे किंवा त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. या दोन फरकांची कारणे आणि उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

बायोसमध्ये पूर्ण, विंडोजमध्ये कमी

या प्रकारातील सर्वांत परिचित कारण म्हणजे ३२-बिट विंडोज. ते समजण्यासाठी खाते क्रमांकाचे उदाहरण घेऊ. एखाद्या शाखेत खाते क्रमांक केवळ चार अंकी असेल, तर ०००० पासून ९९९९ पर्यंत एकूण १०,००० क्रमांक होतात. त्यांतील काही क्रमांक शाखेच्या अंतर्गत खात्यांसाठी राखून ठेवले, तर ते ग्राहकांना देता येणार नाहीत. खातेवहीत कितीही कोरी पाने असली, तरी क्रमांक उरला नाही म्हणजे त्या पानावर खाते उघडता येत नाही.

रॅममधील प्रत्येक बाइटलाही असाच क्रमांक असतो. ३२-बिट पद्धतीत तो क्रमांक ३२ द्विमान अंकांचा असल्यामुळे एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक तयार होतात. ते बरोबर ४ जीबी भरतात. परंतु हे सर्व क्रमांक रॅमच्या वाट्याला येत नाहीत. पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, ध्वनी, यूएसबी, स्वतः बायोसची चिप या सर्वांशी प्रोसेसर अशाच क्रमांकांच्या साहाय्याने बोलतो, आणि त्यांचे क्रमांक ४ जीबीच्या मर्यादेच्या आतच, वरच्या टोकाला राखलेले असतात. उदाहरणादाखल, ग्राफिक्ससाठी २५६ एमबी, पीसीआय एक्सप्रेसच्या संरचनेसाठी २५६ एमबी आणि अन्य भागांसाठी मिळून २५६ एमबी एवढे क्रमांक राखले गेले असे धरू. ४०९६ मधून ७६८ वजा जाता ३३२८ एमबी उरतात. म्हणजे बरोबर ३.२५ जीबी. विक्रेत्याने ४ जीबीच दिली होती. पाऊण जीबीला क्रमांक उरला नाही, एवढेच. ग्राफिक्स कार्ड जितके मोठे, तितकी ही वजावट वाढते, आणि अशा यंत्रात आणखी रॅम घातली तरी वापरता येणारा आकडा हलत नाही.

क्रमांक अधिक लांब करण्याची युक्ती इंटेलने १९९५ सालच्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून उपलब्ध केली होती. तिच्यात ३६ बिटांचा क्रमांक वापरता येत असल्याने मर्यादा ६४ जीबीपर्यंत जात होती. विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्यांनी तिचा लाभ घेतला. सर्वसामान्यांसाठीच्या ३२-बिट आवृत्त्यांत मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीचीच मर्यादा ठेवली, कारण अनेक उपकरणांचे ड्रायव्हर मोठ्या क्रमांकांनी गोंधळून जात आणि यंत्र बंद पडे. ही मर्यादा ‘उघडून देणारे’ लहानसे प्रोग्राम इंटरनेटवर मिळतात. ते विंडोजच्या गाभ्यात फेरफार करतात. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असा प्रयोग कधीही करू नये.

दुसरे कारण आवृत्तीच्या मर्यादेचे. विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती २ जीबीपलीकडे जात नसे. त्याच विंडोजची ६४-बिट होम बेसिक ८ जीबीपर्यंत, तर होम प्रीमियम १६ जीबीपर्यंतच चाले. विंडोज ११ च्या होम आवृत्तीची मर्यादा १२८ जीबी असल्याने आजच्या घरगुती यंत्राला ती क्वचितच आड येते.

तिसरे कारण मदरबोर्डवरील अंगभूत ग्राफिक्सचे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चित्रासाठी लागणारी स्मृती मुख्य रॅममधूनच घेतली जाते. ८ जीबीच्या यंत्रात वापरता येणारा आकडा काही दशांशाने कमी दिसणे म्हणूनच स्वाभाविक आहे. ही वजावट फार मोठी असेल, तर बायोसमध्ये ती कमी करण्याची सोय अनेक यंत्रांत असते.

चौथे कारण बायोसमधील एका कळीचे. राखीव क्रमांकांखाली झाकली गेलेली रॅम ४ जीबीच्या वरच्या क्रमांकांवर हलवण्याची सोय अनेक मदरबोर्डांत ‘मेमरी रिमॅप’ या नावाने असते. ६४-बिट विंडोज असूनही सुमारे पाऊण जीबी गायब असेल, तर ही सोय बंद आहे काय, ते पाहावे. इंटेलच्या ९४५ मालिकेच्या जुन्या मदरबोर्डांत मात्र एकूण मर्यादाच ४ जीबीची असून ही सोय नव्हती; तेथे विंडोज बदलूनही फरक पडत नाही.

पाचवे कारण सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित. ‘एमएसकॉन्फिग’ या साधनात ‘बूट’मधील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडल्यास ‘मॅक्झिमम मेमरी’ अशी एक चौकट आढळते. संगणक वेगवान होईल या समजुतीने कोणीतरी तेथे खूण करून आकडा भरून ठेवलेला असतो. ती चौकट अधिक स्मृती मिळवून देत नाही. विंडोजने किती स्मृतीवर थांबावे, हे ती सांगते. तेथील खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा. एक पैसाही खर्च न होता हरवलेली स्मृती परत येते.

बायोसमध्येच कमी

दुसरी शिल्लक पहिल्याशी जुळत नसेल, तर विंडोजचा काही दोष नाही आणि विंडोज पुन्हा घालून काही साधणार नाही. येथे यंत्र उघडून पाहावे लागते. हमीचे सील असल्यास ते स्वतः तोडू नये; विक्रेत्याकडूनच उघडून घ्यावे. बँकेच्या वा कार्यालयाच्या मालकीचे यंत्र तर कर्मचाऱ्यांनी उघडूच नये. वार्षिक देखभाल करारातील तंत्रज्ञाकडे तक्रार नोंदवावी. स्वतःच्या यंत्राच्या बाबतीत पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. संगणक बंद करून वीजजोड काढावा. लॅपटॉप असल्यास काढता येणारी बॅटरीही काढावी. त्यानंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. रॅमला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा. अंगातील स्थिर विद्युतभार चिपला मारक ठरतो.

२. स्लॉटच्या टोकांची कुलपे मागे करून पट्टी कडेने धरून बाहेर काढावी. सोनेरी दातांवर काजळी किंवा गंज दिसल्यास मऊ खोडरबर हलके फिरवावे आणि त्याचा भुसा पूर्णपणे झटकून टाकावा. समुद्रकाठच्या दमट शहरांत आणि धुळीच्या बाजारपेठांत निम्मी प्रकरणे या एवढ्यानेच मिटावीत, अशी स्थिती असते.

३. पट्टीची खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. कुलपे आपोआप ‘खट्’ असा आवाज करून बसली पाहिजेत. एक टोक अर्धवट बसलेले असणे, हे पट्टी न दिसण्याचे नित्याचे कारण आहे.

४. तरीही आकडा अपुरा असेल, तर एकच पट्टी एका स्लॉटमध्ये बसवून बायोस पाहावा. त्यानंतर त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी बसवावी. मग जी पट्टी चालली, ती दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवावी. तिन्ही वेळचा निकाल लिहून ठेवावा. दोष पट्टीबरोबर फिरत असेल, तर पट्टी सदोष आहे. एकाच स्लॉटला चिकटून राहत असेल, तर मदरबोर्डची बाजू सदोष आहे. अशा वेळी प्रोसेसरखालील एखादी पिन वाकलेली असणे किंवा त्यावरील पंखा असमान घट्ट केलेला असणे, हेही कारण असू शकते. परंतु ते काम तंत्रज्ञाचे आहे.

प्रत्येक पट्टी एकेकटी चालते, पण एकत्र चालत नाहीत, असेही घडते. तेव्हा मेळ तपासावा. डीडीआर-२, ३, ४ आणि ५ या पिढ्यांचे व्होल्टेज अनुक्रमे १.८, १.५, १.२ आणि १.१ असे भिन्न असून खाचांच्या जागाही भिन्न आहेत. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि जोर लावून बसवण्याचा प्रयत्नही करू नये. पिढी एकच, पण वेग वेगळा असल्यास सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारी सर्व्हरची ‘रजिस्टर्ड’ रॅम ही एक फसवी वस्तू आहे. ती दिसायला तशीच असते, स्लॉटमध्ये बसतेही, पण साध्या संगणकात चालत नाही. चार स्लॉटच्या बहुतेक नव्या मदरबोर्डांत दोनच पट्ट्या असल्यास प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. नेमका क्रम सोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मदरबोर्डची कमाल मर्यादाही त्याच पुस्तिकेत पाहावी. इंटेलच्या एच-६१ संचाच्या मदरबोर्डांची मर्यादा १६ जीबी आहे. त्यांत ३२ जीबी दिसण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

आकडा जुळला, पण पट्टी निरोगी आहे काय

सर्व स्मृती दिसू लागली तरी एक परीक्षा बाकी राहते. सदोष रॅम पूर्ण दिसते, पण लिहिलेले जसेच्या तसे परत देत नाही. त्यातून फाइली बिघडतात, आणि हिशेबाच्या फाइलीत एखादा आकडा गुपचूप बदलला गेला तर तो महिनोन्‌महिने कळत नाही. विंडोजमध्येच असलेले ‘मेमरी डायग्नोस्टिक’ हे साधन संगणक पुन्हा सुरू करून ही तपासणी करते. तिला वेळ लागतो. रात्रभर चालू ठेवली तरी चालेल. एकही चूक आढळली, तर ती पट्टी बदलून घ्यावी. रॅमवर अनेक उत्पादक दीर्घ मुदतीची हमी देतात. त्यासाठी देयक जपून ठेवणे अगत्याचे आहे.

६४-बिटकडे जाण्यापूर्वी

विंडोज १० मधील ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स-६४ प्रोसेसर’ असे दिसत असेल, तर यंत्र समर्थ आहे, केवळ त्यावरील विंडोज जुन्या पद्धतीची आहे. मात्र ३२-बिट विंडोजचे ६४-बिटमध्ये थेट रूपांतर होत नाही. ती नव्याने घालावी लागते. त्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती उघडते की नाही, हे पाहून घ्यावे. छोट्या व्यापाऱ्यांनी आणि पतसंस्थांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि जुन्या प्रिंटरसाठी ६४-बिट ड्रायव्हर उपलब्ध असेलच असे नाही. पाऊण जीबी मिळवण्याच्या नादात दहा वर्षांचा हिशेब वाचता येईनासा झाला, तर तो व्यवहार तोट्याचाच ठरेल.

दुसऱ्या बाजूने पाहता, जुन्या विंडोजला चिकटून राहण्यातही धोका आहे. विंडोज एक्सपीचे सहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते आणि तिला किमान ४ जीबी स्मृती लागते. तेव्हा जुन्या यंत्रात नवी रॅम घालण्यापूर्वी त्या यंत्राचे उर्वरित आयुष्य किती, याचाही विचार व्हावा.

दुरुस्ती आणि दक्षता

संगणक दुरुस्तीला देताना त्यात साठवलेले नेट बँकिंगचे पासवर्ड काढून टाकावेत आणि शक्य असल्यास डिस्क काढून घेऊनच यंत्र द्यावे. रॅम तपासण्यासाठी तंत्रज्ञाला ग्राहकाच्या खात्याची कोणतीही माहिती लागत नाही. ‘तुमच्या संगणकाची मेमरी कमी झाली आहे, आम्ही दूर बसून दुरुस्त करून देतो’ असा दूरध्वनी आला, तर तो तेथेच बंद करावा. पडदा दूरून दाखवणाऱ्या ॲपचा गैरवापर करून खात्यातील पैसे काढले जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अशी फसवणूक झालीच, तर विलंब न करता आपल्या बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सारांश असा की, स्मृती कमी दिसली म्हणजे प्रथम तीन आकडे लिहावेत. पट्ट्या आणि बायोस यांत फरक असेल, तर यंत्राच्या अंतरंगात पाहावे. बायोस आणि विंडोज यांत फरक असेल, तर मर्यादा आणि रचना तपासाव्यात. फरकाचे कारण हाती आल्यावरच खिशात हात घालावा. विक्रेत्याकडे जाण्याची वेळ आलीच, तर तो तीन आकड्यांचा आणि पट्ट्या पालटून पाहिल्याच्या निकालांचा कागद सोबत न्यावा. दोष कोणाचा, हे मग आवाज चढवून ठरवावे लागत नाही. कागदच ते सांगतो.